जुना गणवेश, नवी शिलाई

प्रास्ताविक

मैदानावर उतरलेला खेळाडू दूरवरून ओळखू येतो, तो चेहऱ्यावरून नव्हे, तर अंगावरच्या गणवेशावरून. गणवेशाचा रंग, त्यावरचे पट्टे आणि छातीवरचे बोधचिन्ह यांवरून संघ कोणता हे क्षणात कळते. म्हणूनच संघाचा गणवेश बदलला, की त्याची चर्चा घराघरांत होते. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जगभरच्या व्यावसायिक संघांमध्ये एक नवी प्रथा रूढ झाली आहे. नवा गणवेश तयार करताना हे संघ आपल्याच जुन्या गणवेशाकडे वळून पाहू लागले आहेत. जुन्याचा आधार घेऊन नवे घडवताना काय राखावे आणि काय सोडावे, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे. त्यासाठी अमेरिकेतील बेसबॉल आणि भारतातील क्रिकेट या दोन खेळांतील उदाहरणे घेतली आहेत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :

• गणवेश व बोधचिन्ह यांचे कार्य स्पष्ट करणे;
• जुन्या वळणाचे गणवेश पुन्हा का आले, याची कारणे सांगणे;
• नक्कल आणि पुनर्रचना यांतील फरक उदाहरणांसह लिहिणे;
• ‘पुनर्’ हा उपसर्ग लागलेले शब्द ओळखणे व वापरणे.

मूळ पाठ

१. एका ओळीची मागणी

बंगळुरू शहराच्या दक्षिणेस, होसूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत बोम्मसंद्रा ही मोठी औद्योगिक वसाहत आहे. यंत्रांचे सुटे भाग, औषधे, तयार कपडे अशा नाना वस्तू तेथे तयार होतात. २०२५च्या ऑगस्ट महिन्यात बंगळुरू मेट्रोचा पिवळा मार्ग सुरू झाला आणि त्याचे एक टोक बोम्मसंद्र्याला येऊन पोहोचले. बंगळुरूच्या तयार कपड्यांच्या उद्योगात स्त्री-कामगारांची संख्या फार मोठी आहे. अशा कारखान्यांत एक कपडा अनेकांच्या हातांखालून जातो. कोणी कापडाचे थर कापतो, कोणी खांदा जोडते, कोणी बाही बसवते, तर कोणी तयार कपडा उजेडात धरून तपासते.

समजा, अशा एखाद्या कारखान्यात मागणी आली : ‘तीस वर्षांपूर्वीच्या जर्सीसारखी जर्सी हवी, मात्र ती आजच्या खेळाडूला घालता आली पाहिजे.’ मागणी एका ओळीची आहे. पण तिच्या पोटात अनेक प्रश्न दडलेले आहेत. रंग जुना ठेवायचा, पण कापडही जुनेच ठेवायचे काय? पट्टे ठेवायचे, पण ते शिवायचे की छापायचे? बोधचिन्ह जसेच्या तसे घ्यायचे की पुन्हा रेखाटायचे? या प्रश्नांची उत्तरे शोधण्यापूर्वी गणवेश मुळात कशासाठी असतो, हे पाहणे उचित ठरेल.

२. गणवेशाची भाषा

बेसबॉल हा चेंडू आणि दांडू यांचा अमेरिकेतील लोकप्रिय खेळ आहे. न्यूयॉर्कच्या निकरबॉकर या मंडळाने १८४९ साली आपल्या खेळाडूंसाठी निळी लोकरी विजार, पांढरा फ्लॅनेलचा सदरा आणि गवती टोपी असा गणवेश ठरवला. बेसबॉलमधील हा पहिला गणवेश मानला जातो. पुढे १८६९ साली सिनसिनाटी येथील संघ उघडपणे वेतन देऊन खेळाडू नेमणारा पहिला व्यावसायिक संघ ठरला. या संघाला ‘रेड स्टॉकिंग्ज’ हे नाव मिळाले ते खेळाडूंच्या तांबड्या पायमोज्यांवरून. म्हणजे गणवेशाने संघाला केवळ रूपच दिले नाही, तर नावही दिले.

कालांतराने गणवेश अधिक बोलका झाला. १९२९ साली न्यूयॉर्क यांकीज या संघाने खेळाडूंच्या पाठीवर क्रमांक घातले. हे क्रमांक फलंदाजीच्या क्रमानुसार होते. विख्यात खेळाडू बेब रूथ तिसऱ्या क्रमांकावर खेळत असे, म्हणून त्याच्या पाठीवर ३ हा आकडा आला. १९६० साली शिकागोच्या व्हाइट सॉक्स संघाने पाठीवर खेळाडूंची नावेही लिहिली. हे सारे बदल शोभेसाठी नव्हते. दूरच्या आसनावर बसलेल्या प्रेक्षकाला खेळाडू ओळखता यावा, ही त्यामागची गरज होती.

पाठगत प्रश्न १

(अ) सिनसिनाटीच्या संघाला ‘रेड स्टॉकिंग्ज’ हे नाव कशावरून मिळाले?
(आ) १९२९ साली पाठीवरचे क्रमांक कशाच्या आधारे ठरवले गेले?

३. घड्याळ मागे फिरले

११ जुलै १९९० रोजी शिकागोच्या व्हाइट सॉक्स संघाने एक वेगळा प्रयोग केला. त्या दिवशी खेळाडू १९१७ सालच्या धाटणीचा गणवेश घालून मैदानात उतरले. १९१७ हे या संघाच्या अजिंक्यपदाचे वर्ष होते. त्यांचे जुने मैदान लवकरच पाडले जाणार होते आणि तेथील तो अखेरचा हंगाम होता. मैदान जाणार, निदान त्याची आठवण तरी अंगावर घ्यावी, अशी त्यामागची भावना. प्रेक्षकांना हा प्रयोग भावला. पुढे इतर संघांनीही अधूनमधून एखाद्या सामन्यापुरता जुना गणवेश घालण्यास आरंभ केला.

भूतकाळाच्या आठवणींत रमण्याच्या या वृत्तीला ‘स्मरणरंजन’ असे म्हणतात. स्मरणरंजनात आनंद असतो, तसा व्यापारही असतो. जुन्या वळणाच्या जर्सी बाजारात चांगल्या खपतात, हे संघांच्या आणि उत्पादकांच्या लवकरच ध्यानी आले. त्यामुळे प्रत्येक ‘जुना’ गणवेश प्रेमापोटीच आला असे मानणे भाबडेपणाचे होईल. तथापि, केवळ बाजारासाठी आणलेली वस्तू लोकांच्या मनात फार काळ टिकत नाही. जे टिकले, त्यामागे कोणता विचार होता, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे.

४. हातमोज्यातील चेंडू

विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी या शहराच्या संघाचे नाव ‘ब्रूअर्स’ असे आहे. १९७७ साली या संघाने नव्या बोधचिन्हासाठी खुली स्पर्धा ठेवली. ती टॉम माइंडेल या कलेच्या विद्यार्थ्याने जिंकली. त्याला दोन हजार डॉलरचे पारितोषिक मिळाले. त्याने काढलेले चित्र वरवर पाहता साधे होते : बेसबॉलचा हातमोजा आणि त्यात विसावलेला चेंडू. पण नीट निरखले, की हातमोज्याची बोटे इंग्रजी ‘एम’ या अक्षराचा आकार घेतात आणि अंगठ्याकडचा भाग ‘बी’ होतो. मिलवॉकी आणि ब्रूअर्स या दोन्ही नावांची आद्याक्षरे त्यात लपलेली आहेत. अनेकांनी हे चिन्ह वर्षानुवर्षे पाहिले आणि ती अक्षरे एके दिवशी अवचित त्यांच्या नजरेस आली.

हे चिन्ह १९७८ ते १९९३ पर्यंत वापरात होते. त्यानंतर संघाने नवी चिन्हे स्वीकारली. लोकांच्या मनातून मात्र हातमोजा गेला नाही. अखेर संघाला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना, २०२०च्या हंगामासाठी हे चिन्ह पुन्हा मुख्य बोधचिन्ह म्हणून स्वीकारण्यात आले. ते जसेच्या तसे उचलले नाही. रेषा पुन्हा आखल्या, आकारांची ठेवण नेटकी केली आणि रंगांच्या छटा नव्याने निवडल्या. मूळ कल्पनेला, म्हणजे हातमोजा, चेंडू आणि त्यांत दडलेली अक्षरे यांना, कोणी हात लावला नाही. त्या वर्षी महामारीमुळे हंगाम साठ सामन्यांपुरता आखडला आणि साखळी सामने रिकाम्या प्रेक्षागारांसमोर झाले. परतलेल्या चिन्हाचे स्वागत लोकांनी घरी बसूनच केले.

५. पहाटेची निळी जर्सी

त्याच २०२० साली भारतीय क्रिकेटमध्येही असाच प्रसंग घडला. तो समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. क्रिकेट हा पूर्वी पांढऱ्या पोशाखाचाच खेळ होता. ऑस्ट्रेलियातील उद्योगपती केरी पॅकर यांनी १९७७ साली स्वतंत्र स्पर्धा सुरू केली आणि प्रकाशझोतात सामने भरवले. रात्रीच्या उजेडात दिसावा म्हणून चेंडू पांढरा केला. पांढऱ्या कपड्यांपुढे पांढरा चेंडू दिसेना, म्हणून १९७९च्या जानेवारीत खेळाडूंना रंगीत पोशाख देण्यात आले. प्रारंभी त्यांची थट्टा झाली. पण गरजेतून आलेला रंग पुढे कायमचा झाला.

भारताने १९८३ सालचा विश्वचषक पांढऱ्या पोशाखातच जिंकला. १९८५ साली ऑस्ट्रेलियात झालेली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सुनील गावसकर यांच्या नेतृत्वाखालील संघाने जिंकली, तेव्हा खेळाडूंच्या अंगावर फिका निळा व पिवळा पोशाख होता. विश्वचषकात रंगीत पोशाख प्रथम आले ते १९९२ साली, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील स्पर्धेत. भारताची जर्सी गडद निळी होती. छातीवर देशाचे नाव, पाठीवर खेळाडूचे नाव आणि खांद्यांवर पांढरे, हिरवे, तांबडे, निळे पट्टे होते. सचिन तेंडुलकर, रवी शास्त्री, संजय मांजरेकर, विनोद कांबळी, प्रवीण आमरे हे मुंबईचे खेळाडू त्या संघात होते. ४ मार्च १९९२ रोजी सिडनी येथे भारताने पाकिस्तानला ४३ धावांनी हरवले. त्या सामन्यात तेंडुलकरने नाबाद ५४ धावा केल्या. ऑस्ट्रेलियातील सामने पाहण्यासाठी भारतात अंधार असतानाच दूरदर्शन संच लावावा लागे.

यातील एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. त्या विश्वचषकात भारताची कामगिरी निराशाजनक होती. आठ सामन्यांपैकी केवळ दोन सामने भारताला जिंकता आले. तरीही ती जर्सी विसरली गेली नाही. शिकागोच्या संघाने विजयाच्या वर्षाची आठवण जागवली होती. भारताच्या या जर्सीपाशी तर विजयही नव्हता. तिच्याशी लोकांनी जोडली होती ती आपल्याच आयुष्यातील पहाट : गार हवा, चहाचा कप आणि संचासमोर दाटीने बसलेली घरची व शेजारची माणसे. गणवेशाचे मोल केवळ विजयावर ठरत नाही, ते असे.

२७ नोव्हेंबर २०२० रोजी सिडनीतच भारत व ऑस्ट्रेलिया यांच्यात एकदिवसीय सामना झाला. महामारी सुरू झाल्यानंतरचा भारतीय पुरुष संघाचा तो पहिला आंतरराष्ट्रीय सामना होता. भारतीय खेळाडू १९९२च्या जर्सीवर बेतलेली गडद निळी जर्सी घालून मैदानात आले. खांद्यांवर तेच चार रंगांचे पट्टे होते. बाकी पुष्कळ काही बदलले होते. कापड हलके होते. पाठीवर नावासोबत क्रमांकही होता. छातीवर प्रायोजकाचे नाव ठळकपणे आले होते. १९९२ सालच्या संघातील रवी शास्त्री या वेळी प्रशिक्षक म्हणून संघासोबत होते.

पाठगत प्रश्न २

(अ) मिलवॉकीच्या बोधचिन्हात कोणती दोन अक्षरे दडलेली आहेत?
(आ) क्रिकेटमध्ये रंगीत पोशाख येण्याचे व्यावहारिक कारण कोणते?
(इ) १९९२ सालची जर्सी लोकांच्या स्मरणात का राहिली?

६. कापड, रंग आणि सुई

आता बोम्मसंद्र्याच्या त्या काल्पनिक मागणीकडे परत येऊ. जुना गणवेश जसाच्या तसा का करू नये, याचे पहिले उत्तर कापड देते. बेसबॉलचे खेळाडू अनेक दशके लोकरी फ्लॅनेल वापरत होते. उन्हाळ्यात घामाने भिजल्यावर ते कापड जड होई. १९७०च्या जुलै महिन्यात पिट्सबर्गच्या संघाने कृत्रिम धाग्याचे, विणीचे आणि ताणले जाणारे कापड वापरण्यास सुरुवात केली. फ्लॅनेल काही वर्षांतच मैदानावरून दिसेनासे झाले. फ्लॅनेलची आठवण गोड असेल. पण ते पुन्हा अंगावर चढवावे असे खेळणाऱ्याला वाटणार नाही.

दुसरे उत्तर रंग देण्याच्या पद्धतीत आहे. पूर्वी पट्टा हवा असेल तर वेगळ्या रंगाच्या कापडाची पट्टी कापून जोडावी लागे. अक्षरेही जाड कापडातून कापून शिवली जात. आज बहुधा संप्लवन पद्धतीची छपाई वापरतात. कापूर जसा न वितळता थेट हवेत विरून जातो, तसा या छपाईतील रंग सुमारे दोनशे अंश सेल्सिअस तापमानाला वायुरूप होतो. कागदावर छापलेला रंग अशा उष्णतेने पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरतो आणि तेथेच मुरतो. त्यामुळे पट्टा कितीही रंगांचा असला, तरी कपड्याचे वजन वाढत नाही. शुद्ध सुती कापडावर मात्र ही पद्धत चालत नाही.

छपाईने काम सोपे झाले, तरी शिलाईचे कसब कमी झाले नाही. खांद्यावरून उतरणारे चार पट्टे बाहीच्या जोडावर तंतोतंत जुळावे लागतात. शिवताना कापड किंचित जरी सरकले, तरी पट्टा तुटल्यासारखा दिसतो. शिवाय लहान मापाच्या जर्सीवर शोभणारा पट्टा मोठ्या मापावर अरुंद वाटतो. म्हणून प्रत्येक मापासाठी नमुना वेगळा काढावा लागतो.

बोधचिन्हाचेही तसेच आहे. कागदावर नाजूक दिसणारी रेष भरतकामात दोऱ्यांच्या गर्दीत हरवून जाते. टोपीवर, छातीवर, तिकिटावर आणि भ्रमणध्वनीच्या लहानशा पडद्यावर एकच चिन्ह ओळखू यावे लागते. यासाठी जुन्या चिन्हाच्या रेषा पुन्हा आखाव्या लागतात. मिलवॉकीच्या चिन्हाची डागडुजी झाली, ती केवळ हौसेने नव्हे.

७. अंगाला न मानवलेले नवेपण

जुन्याचा मोह जसा अडचणीचा, तसाच नव्याचाही. २०२४च्या हंगामात अमेरिकेतील प्रमुख बेसबॉल संघांना नवा, अधिक हलका गणवेश देण्यात आला. तो अधिक सुखकर होईल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात पाठीवरील नावांची अक्षरे लहान झाली, विजारींचे कापड पातळ भासू लागले आणि घामाचे डाग ठळक दिसू लागले. खेळाडूंनी उघड नाराजी व्यक्त केली. परिणामी २०२५च्या हंगामासाठी मोठी अक्षरे आणि पूर्वीच्या धाटणीची विजार परत आणण्याचा निर्णय झाला. ‘नव्याचे नऊ दिवस’ ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरली. कपड्याचा अंतिम परीक्षक तो अंगावर घालून घाम गाळणारा माणूसच असतो.

८. काय राखावे, काय सोडावे

या सर्व उदाहरणांतून एक सूत्र हाती येते. जुन्या गणवेशात दोन प्रकारच्या गोष्टी असतात. काही गोष्टी संघाची ओळख असतात : एखादा रंग, पट्ट्यांचा क्रम, चिन्हातील कल्पना. काही गोष्टी मात्र त्या काळाची मर्यादा असतात : जड कापड, विटणारा रंग, अंगात न बसणारी माप-पद्धती. ओळख राखावी आणि मर्यादा सोडावी, हीच पुनर्रचना. दोन्ही राखणे ही नक्कल होय. दोन्ही सोडणे म्हणजे विस्मरण.

बंगळुरूच्याच क्रिकेट संघाचे उदाहरण घेता येईल. २०२४च्या मार्च महिन्यात या संघाने आपल्या नावातील ‘बँगलोर’ काढून ‘बेंगळुरू’ हे शहराचे कन्नड नाव स्वीकारले. जर्सीतील काळ्या रंगाची जागा निळ्याने घेतली. लाल रंग आणि बोधचिन्हातील सिंह मात्र कायम राहिला.

महाराष्ट्रातील घराघरांत आजीच्या लुगड्यांची गोधडी शिवली जाते. लुगडे लुगडे राहत नाही. पण त्याचा काठ, त्याचा रंग आणि त्याची ऊब नातवंडांच्या अंगावर राहते. फाटलेला भाग कापून टाकण्यात आजीचा अनादर होत नाही. कोणता तुकडा ठेवायचा, हे ओळखणारी नजर मात्र हवी. ती नजर आराखडा काढणाऱ्याला हवी, तशीच कापणी करणाऱ्याला आणि शिलाई करणारीलाही हवी. पट्टा जोडावर जुळला की नाही, हे आधी तिलाच दिसते. प्रेक्षक पुढे ज्या रंगांवर प्रेम करतात, ते रंग तिच्या हातांखालून गेलेले असतात.

शब्दार्थ

बोधचिन्ह – संस्थेची किंवा संघाची ओळख पटवणारे चिन्ह
स्मरणरंजन – भूतकाळाच्या आठवणींत रमणे
पुनर्रचना – पुन्हा नव्याने केलेली मांडणी
धाटणी – वळण, घडण
संप्लवन – घन पदार्थाचे द्रवरूप न होता थेट वायुरूप होणे
प्रायोजक – खर्चाचा भार उचलून त्याबदल्यात प्रसिद्धी मिळवणारी संस्था
डागडुजी – दुरुस्ती

भाषाभ्यास

‘पुनर्’ या उपसर्गाचा अर्थ ‘पुन्हा’ असा आहे. रचना – पुनर्रचना, जन्म – पुनर्जन्म, विचार – पुनर्विचार, आगमन – पुनरागमन.

(अ) ‘पुनर्’ उपसर्ग लावून शब्द तयार करा : वसन, मुद्रण, विवाह.
(आ) ‘जुने ते सोने’ व ‘नव्याचे नऊ दिवस’ या म्हणींचा अर्थ सांगून प्रत्येकीचा वाक्यात उपयोग करा.

तुम्ही काय शिकलात?

• गणवेश व बोधचिन्ह ही संघाची ओळख असते. त्यांतील अनेक बदल गरजेतून झाले आहेत.
• जुन्या गणवेशाच्या पुनरागमनामागे स्मरणरंजन आणि व्यापार अशी दोन्ही कारणे आहेत.
• लोकांच्या आठवणी केवळ विजयाशी जोडलेल्या नसतात.
• ओळख राखून जुन्या काळाच्या मर्यादा सोडणे म्हणजे पुनर्रचना.

स्वाध्याय

१. ‘नक्कल’ व ‘पुनर्रचना’ यांतील फरक पाठातील दोन उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करा.
२. ‘कपड्याचा अंतिम परीक्षक तो अंगावर घालणारा माणूसच असतो.’ या विधानाची चर्चा आठ ते दहा वाक्यांत करा.
३. जुने बोधचिन्ह पुन्हा वापरताना ते नव्याने का रेखाटावे लागते?
४. तुमच्या घरातील, गावातील किंवा कामाच्या ठिकाणची एखादी जुनी वस्तू निवडा. तिला नवे रूप द्यायचे झाल्यास काय राखाल व काय सोडाल, ते कारणांसह लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) खेळाडूंच्या तांबड्या पायमोज्यांवरून. (आ) फलंदाजीच्या क्रमानुसार.
२. (अ) ‘एम’ व ‘बी’. (आ) प्रकाशझोतातील सामन्यांसाठी चेंडू पांढरा केल्यामुळे तो पांढऱ्या कपड्यांपुढे दिसत नव्हता. (इ) लोकांनी ती आपल्या आयुष्यातील, पहाटे एकत्र सामने पाहण्याच्या अनुभवाशी जोडली होती.